नेमणुकीचा नातेवाईक

विद्यापीठाचं एक वार्तापत्र निघतं. निवृत्त होणाऱ्या माणसांवर त्यात शेवटच्या पानावर चार ओळी येतात. आमच्या यांच्यावर आल्या त्या अशा: 'विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी विद्यापीठ आणि रुग्णालय यांच्यात जे सहकार्य उभं राहिलं, त्यात त्यांचा मोलाचा वाटा होता.' छापण्याआधी संपादकांनी फोन करून विचारलं होतं, "वहिनी, तुम्हाला काही भर घालायची आहे का?" मी म्हटलं, आहे, पण ती तुमच्या पानात मावायची नाही. ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं.

आमचे हे मूळचे परीक्षा विभागातले. भरारी पथकात होते. परीक्षेच्या हॉलमध्ये न सांगता शिरायचं आणि कॉपी करणाऱ्याला पकडायचं, हे यांचं काम. बाहीच्या घडीत, पट्टीच्या पाठीमागे, बाटलीच्या वेष्टनाआड, पोरांनी चिठ्ठी कुठेही लपवली तरी यांना ती दिसायची. मुलांनी यांचं नाव 'भिंग' ठेवलं होतं. घरी येऊन हे त्याबद्दल चिडल्यासारखं दाखवायचे, पण ज्या गोष्टीची खरी चीड येते ती माणूस रोज जेवताना कौतुकाने सांगत नाही. माणूस काही ना काही लपवतोच, आपण फक्त कुठे ते शोधायचं, असा यांचा एकुलता एक सिद्धांत. ऑफिसात तो उपयोगी पडला असेल. त्याच्यावर संसार करून बघा म्हणजे कळेल. मी एका दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते, पेशंटना वेळा देते. दिवसभर घाबरलेली तोंडं बघून घरी यावं, तर दारातच चौकशी, "आज उशीर का?" आमच्या चिरंजीवाला शाळेतून आल्यावर यांच्यासमोर दप्तर उघडायची इतकी सवय झाली होती, की कॉलेजात जायला लागला तरी तो घरात शिरला की पाठीवरची बॅग खाली ठेवायचा आणि बाजूला सरकून उभा राहायचा.

मग परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. प्रत्येकाला वेगळे प्रश्न आणि डोक्यावर कॅमेरा. भरारी मारायला जागाच उरली नाही. यांना 'अतिरिक्त' ठरवलं, म्हणजे पगार चालू आणि खुर्ची काढून घेतलेली. हे रोज डबा घेऊन जायचे, कुणाच्या तरी टेबलाच्या कोपऱ्याला बसायचे आणि उतरलेल्या तोंडाने परत यायचे. त्या दिवसांत मला यांची खरंच दया यायची, पण ती दाखवायची सोय नव्हती. दाखवली असती तर मी काहीतरी लपवते आहे असा संशय आला असता.

त्याच सुमारास विद्यापीठाचं आणि रुग्णालयाचं एक जुनं घोडं अडलं होतं. ही दोन्ही ठिकाणं एकाच रस्त्यावर, अगदी समोरासमोर. मध्ये दुभाजक आणि त्यावर झुडपं. विद्यापीठातली काही मुलं खचायची, त्यांची झोप उडायची, ती खोलीबाहेर पडेनाशी व्हायची. समुपदेशक बाई त्यांना समोर मानसोपचार विभागात पाठवायच्या. तिथे पहिला प्रश्न यायचा, "घरचं कोण आलंय?" घरचं माणूस बरोबर असल्याशिवाय तपासायचं नाही, असा तिथला नियम. आणि ही मुलं बाहेरगावची, घरी कळू नये म्हणूनच गुपचूप आलेली. ती रस्ता ओलांडून परत यायची. विद्यापीठ म्हणायचं, आम्ही तर पाठवलं. रुग्णालय म्हणायचं, आम्ही कुठे नको म्हटलं? दोघांचंही खरं होतं, आणि पोरं दुभाजकावर.

यावर संयुक्त समन्वय समिती बसली. बसली ती चांगली दोन वर्षं बसून राहिली. एक बैठक रस्त्याच्या या बाजूला, पुढची त्या बाजूला, म्हणजे चहा पाजण्याचा मान दोघांनाही. शेवटी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की रुग्णालयाला नातेवाईक हवा आहे ना, मग विद्यापीठाने एक नातेवाईक नेमावा. मला सांगतात की त्या वेळी खोलीत कुणीही हसलं नाही. ठराव एकमताने झाला. माणूस कायम नोकरीतला, पोक्त आणि मोकळा असावा, असं ठरलं. सगळ्या विद्यापीठात इतका मोकळा माणूस एकच होता.

हे घरी आले ते गळ्यात नवं कार्ड अडकवून. वर फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'नातेवाईक'. मी विचारलं, "कुणाचे?" हे म्हणाले, "ज्याचं इथे कुणी नाही त्याचा." इतकं भारदस्त वाक्य हे लग्न ठरताना सुद्धा बोलले नव्हते. दोन दिवसांत माझ्या नणंदेचा फोन आला. "वहिनी, दादाला आता नातेवाईक असण्याचा पगार मिळतो म्हणे. मग आमच्याकडे फिरकायला काय झालं? प्रवासभत्ता लाव म्हणावं."

दोन्ही संस्थांचा एकमेकींच्या कागदांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून असं ठरलं, की नातेवाईकाने रुग्णालयाच्या समाजसेविका बाईंसमोर उभं राहून, विद्यार्थ्याच्या देखत, तोंडाने हमी द्यायची: 'या विद्यार्थ्याचं या शहरात घरचं कुणी नाही.' मग विद्यार्थ्याने 'बरोबर' म्हणायचं. ही अट यांनीच आग्रहाने घालून घेतली होती. "नाहीतर गावातलीच पोरं आईबापांना चुकवून माझ्यामागे लपतील," म्हणाले. लपलेलं शोधण्यात हयात गेली, दुसरं काय सुचणार?

पहिली आली ती गणिताची एक मुलगी. रुग्णालयाच्या पायरीवरच रडायला लागली. हे शेजारी ताठ उभे राहून म्हणाले, "मान वर. समोर बघा." आत तरुण डॉक्टर बाईंनी विचारलं, "हिची झोप कशी आहे?" हे म्हणाले, "हजेरी चांगली आहे." "जेवते का नीट?" "मेसमध्ये नाव घातलेलं आहे." डॉक्टर बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, या गोष्टी नातेवाईकांना माहीत असतात." घरी येऊन हे बरेच दिवस फणफणत होते. बाई उद्धटपणे बोलल्या म्हणून नव्हे, प्रश्न आला आणि आपल्याला उत्तर आलं नाही म्हणून.

तेव्हापासून रस्ता ओलांडायच्या आधीच हे मुलांना प्रश्न घालायला लागले. चेहऱ्याकडे न बघता, चालता चालता, परीक्षेच्या सूचना वाचून दाखवाव्यात तशा आवाजात. शेवटची शांत झोप कधी लागली? सकाळी डोळे उघडले की आधी काय वाटतं? घरी कुणाला सांगावंसं वाटतं, आणि मग का सांगत नाही? उत्तर आलं की "बरं" म्हणायचं आणि पुढे जायचं. रडू आलं तरी "बरं". पाठीवरून हात फिरवणं नाही, चार समजुतीचे शब्द नाहीत. मुलांना म्हणे तेच बरं वाटायचं. कुणी मायेने जवळ घेतलं असतं तर ती दुभाजकावरूनच पळाली असती. हॉलमध्ये उभं राहून यांनी एकच विद्या कमावली होती, बघतोय असं न दाखवता बघायची. ती आता कामाला आली. समितीच्या बैठकीत आकडे मांडले गेले, की नेमणुकीच्या नातेवाईकाबरोबर गेलेली मुलं दुसऱ्या भेटीलाही येतात आणि खऱ्या नातेवाईकांबरोबर गेलेली बहुतेक वेळा येत नाहीत. समितीने समाधान व्यक्त केलं. खऱ्या नातेवाईकांचं काय करायचं, यासाठी उपसमिती नेमली.

हे घरी येऊन नावं सांगायचे नाहीत, तेवढं तत्त्व पाळायचे. पण एकीला लिफ्टची भीती वाटते, एकजण आईशी फोनवर बोलताना जोरजोरात खोटं हसतो, असं काहीबाही जेवताना बोलून जायचे. मी भात वाढता वाढता ऐकायची आणि माझी नजर समोरच्या बंद दारावर जायची.

कारण त्या दाराआड आमचे चिरंजीव होते. याच विद्यापीठात, संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. नवं सत्र सुरू झालं तसा तो आधी सकाळचे तास चुकवायला लागला, मग दुपारचे, मग सगळेच. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायला हाक मारली की "ठेव" म्हणायचा. ठेवलेलं ताट तसंच परत यायचं. अंघोळ नाही, दाढी नाही. कपाळाला हात लावून बघितला तर ताप नाही. काय होतंय रे, असं विचारलं की "काही नाही", आणि हे 'काही नाही' तो इतकं मनापासून म्हणायचा की मला धडकी भरायची. दवाखान्यात मी लोकांना वेळा देत बसायची आणि डोक्यात एकच, की हा पोरगा माझ्या हातून चालला आहे आणि मला धरता येत नाही.

यांना सांगितलं. हे दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "काय लपवतोयस?" दुसऱ्या दिवशी म्हणाले, "डॉक्टरकडे चल." आतून उत्तर आलं, "नाही." मी म्हटलं, "माझ्याबरोबर चल." "तूही नको." दिवसभर लोकांच्या पोरांच्या झोपेची विचारपूस करणारा माणूस संध्याकाळी पोटच्या पोराच्या दाराशी भरारी पथक होऊन उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी मी त्याच्या खोलीत जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. बोलत नव्हते, कारण बोलून झालं होतं. तोच आपणहून म्हणाला, "आमच्या वर्गातली एकजण त्या माणसाबरोबर गेली होती."

"कुठल्या माणसाबरोबर?"

"तो ऑफिसचा नातेवाईक. ती दुसरीला सांगत होती, मी मागे आहे हे तिला दिसलं नाही. तो विचारतो आणि ऐकून घेतो, म्हणाली. मध्ये काही बोलत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "तो आला तर मी जाईन."

मी हातातला टॉवेल खाली ठेवला. "अरे, ते तुझे बाबाच आहेत."

"माहीत आहे ग मला. पण बाबा असताना ते तसे नसतात."

मी टॉवेलची घडी घातली, मोडली आणि परत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे शर्टाला इस्त्री करत होते तेव्हा मी सगळं सांगितलं. यांचा हात जागच्या जागी थांबला. शर्ट जळेल म्हणून मीच इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"जमणार नाही," हे म्हणाले. "ज्याचं इथे कुणी नाही त्यालाच नातेवाईक मिळतो. त्याला आपण आहोत."

"आहोत?" मी विचारलं.

यांनी शर्टाची घडी घातली. मग म्हणाले, "तिथे उभं राहून तोंडाने हमी द्यावी लागते. मी खोटी हमी देऊ? आजवर एकाही पोराचं खोटं मी चालवून घेतलेलं नाही."

"तुमचं खरं तुम्ही त्या कार्डाशेजारी गळ्यात बांधा आणि मिरवा," मी म्हटलं. "मला माझा मुलगा हवा आहे." याहून बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. हे डबा न घेताच निघून गेले.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. मी दार उघडलं तर हेच. किल्ली खिशात असताना बेल वाजवलेली, गळ्यात कार्ड, भांग नीट पाडलेला. मला म्हणाले, "नमस्कार. मी विद्यापीठाकडून आलोय. विद्यार्थी तयार आहेत का?"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी यांची चांगली फिरकी घेतली असती. त्या दिवशी मी म्हटलं, "या, बसा." पाणी आणून दिलं. हे स्वतःच्याच खुर्चीच्या कडेवर परक्यासारखे अंग चोरून बसले आणि इकडेतिकडे बघू लागले. घरातल्या भिंती यांनी इतक्या लक्षपूर्वक कधी पाहिल्या नसतील. मग आतलं दार उघडलं. चिरंजीव बाहेर आला. अंगावर धुतलेला शर्ट होता, पायात बूट होते.

"तयार आहात?" यांनी विचारलं. ड्युटीवर हे सगळ्या मुलांना अहो-जाहो करायचे, तसंच यालाही.

"हो," तो म्हणाला, आणि दोघं निघाले.

मी दवाखान्यात फोन करून सुट्टी मागितली. कारण काय सांगावं ते ऐन वेळी सुचेना, म्हणून दात दुखतोय म्हणाले. दातांच्या दवाखान्यात हे कारण सांगणं फारसं शहाणपणाचं नसतं. डॉक्टर म्हणाले, "मग इकडेच या की." मी फोन ठेवला आणि या दोघांच्या मागे मागे, जरा अंतर ठेवून चालू लागले.

वाऱ्यावर तुकडे तुकडे ऐकू येत होते. यांचा तो सूचना वाचल्यासारखा आवाज, मग पोराचा आवाज. त्याचा इतका वेळ सलग चाललेला आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. सिग्नलपाशी मी जवळ पोचले तेव्हा तो सांगत होता, "मी वर्गात शिरलो की सगळे गप्प होतात. भिंगाचा मुलगा आला, म्हणतात. पहिल्या दिवसापासून. माझ्यासमोर कुणी काही बोलतच नाही. आधी वाटलं, होईल सवय."

"बरं," हे म्हणाले. पण रस्ता ओलांडताना यांचं पाऊल अडखळलं, ते मी मागून पाहिलं.

मानसोपचार विभागाच्या बाहेर लांबच लांब बाकं आहेत. मी मागच्या एका बाकावर दोन अनोळखी बायकांच्या मध्ये जाऊन बसले. पुढे टेबलाशी समाजसेविका बाई होत्या. यांना बघून त्यांनी ओळखीचं हसून पेन उचललं. ती हमी यांनी इतक्या वेळा दिली होती की झोपेतही म्हटली असती. त्या दिवशी मात्र "या विद्यार्थ्याचं" इथपर्यंत आले आणि गाडी थांबली. खाकरले. टेबलावरच्या जगमधलं पाणी ओतून घेतलं, प्यायले. बाई वाट बघत होत्या. शेवटी हे म्हणाले, "या विद्यार्थ्याचं या शहरात घरचं कुणी नाही."

पोराने यांच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे वळून म्हणाला, "बरोबर."

मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी मान हलवून 'कुणी नाही' म्हटलं. आता हमी दिलीच होती, तर घरातल्या सगळ्यांनी ती पाळायला हवी.

आत काय झालं ते मला आजही पुरतं माहीत नाही, आणि माहीत नाही हेच बरं. बाहेर आल्यावर यांनी मला एवढंच सांगितलं, की डॉक्टर बाईंनी विचारलं, हा लहानपणी कसा होता? हे कार्ड सावरून म्हणाले, "विद्यापीठाकडे तशी नोंद नाही." आणि पोरगा हसला.

"हसला?" मी विचारलं.

"हसला. थोडासाच. पण हसला."

मला आपलं वाटत होतं, की 'भिंगाचा मुलगा' एवढंच कारण, ते काढून टाकलं की पोरगा उठून बसेल. डॉक्टर बाईंनी पुढे मला समजावून सांगितलं, की असं एकच कारण नसतं आणि त्याच्यामागे धावूही नये. गोळ्या दिल्या, आणि तीन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. दुसऱ्या भेटीला आला तर तो टिकेल, असं म्हणाल्या. बरीच मुलं एकदा येतात आणि मग येत नाहीत. मी घरी येऊन कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल केला आणि तिची वाट बघू लागले.

आणि यांनी काय करावं? दुसऱ्याच दिवशी समितीला पत्र लिहून स्वतःची तक्रार केली. मी खोटी हमी दिली, विद्यार्थी माझा मुलगा आहे, योग्य ती कारवाई व्हावी. मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, कुणालाही कळलं नसतं."

"मला कळलंय ना," हे म्हणाले. परीक्षा विभागातून काढलं तरी शेवटची कॉपी पकडायची यांची राहिली होती, ती अशी पकडली.

समितीची तातडीची बैठक झाली. ऐकते ते असं, की दोन्ही संस्थांचं इतक्या लवकर एकमत कधीच झालं नव्हतं. चहा यायच्या आधी ठराव झाला. विद्यापीठाचं म्हणणं, खरा नातेवाईक हा नेमणुकीचा नातेवाईक असू शकत नाही. रुग्णालय म्हणालं, आमचंही तेच मत. आदेश घरी आला: 'संबंधित विद्यार्थ्याशी नातं असल्याचं आढळून आल्यामुळे आपणांस नातेवाईक या पदावरून मुक्त करण्यात येत आहे.' मी तो स्वयंपाकघरात जाऊन वाचला, म्हणजे मला मोकळेपणाने हसता येईल. यांना जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोठारात बसवलं. यांच्या जागी क्रीडा विभागातले एक निवृत्तीला आलेले प्रशिक्षक आले. ते खचलेल्या मुलांना आधी मैदानाला फेरी मारायला लावतात असं ऐकलं.

आदेशाच्या शेवटी आणखी एक ओळ होती, ती वाचून माझं हसू मावळलं. या विद्यार्थ्याचे आईवडील शहरातच असल्यामुळे त्याला यापुढे विद्यापीठाचा नातेवाईक मिळणार नाही.

तीन आठवडे पोरगा गोळ्या घेत होता. कधी अर्धी पोळी जास्त खायचा, कधी पुन्हा भिंतीकडे तोंड. कोण येणार हे त्याने विचारलं नाही आणि मला सांगायचा धीर झाला नाही. हे कोठारातून अंगावर धूळ घेऊन यायचे, त्याच्या दाराशी थांबायचे, तोंड उघडायचे आणि मिटून घ्यायचे. परक्यांच्या पोरांना इतकं सहज विचारणाऱ्या माणसाला कार्ड काढून घेतल्यावर एक वाक्य सुचत नव्हतं.

भेटीच्या सकाळी हे कामावर गेले नाहीत. साधा शर्ट घालून पोराच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसून राहिले. मी आत ओट्यापाशी उभी होते. चहा उतू गेला तरी हलले नाही.

दार उघडलं. पोराच्या पायात बूट नव्हते. त्याने यांच्या रिकाम्या गळ्याकडे पाहिलं. "आज कोण येणार आहे?"

"ऑफिसकडून कुणी नाही," हे म्हणाले. "मला काढलं. तुझ्यासाठी दुसरं कुणी मिळणार नाही." मग खाली बघत, "मी येईन म्हणतो. पण मी आता नुसताच आहे."

पोरगा चौकटीला धरून उभा राहिला. इतका वेळ, की मला वाटलं आता दार परत लागणार. मग म्हणाला, "ते प्रश्न विचाराल?"

"विचारीन."

"आणि मध्ये बोलणार नाही?"

"प्रयत्न करतो," हे म्हणाले. आमच्या घरात हा शब्द मी यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

त्याने बूट घातले. या वेळी मी मागे मागे गेले नाही, शेजारून गेले. टेबलापाशी समाजसेविका बाईंनी पोराला ओळखलं आणि यांच्याकडे बघून त्या गोंधळल्या. नवा नातेवाईक मैदानावर असणार, हे त्यांना माहीत होतं. पोराला म्हणाल्या, "अरे, मागच्या वेळी तर तुझं इथे कुणीच नव्हतं."

यांनी खुलासा करायला श्वास घेतला. पत्र, ठराव, आदेश, सगळं क्रमाने सांगायच्या तयारीत होते. त्याआधीच पोरगा बोलला.

"तेव्हा नव्हतं," तो म्हणाला. "आता वडील आहेत."

बाईंनी एकदा याच्याकडे आणि एकदा यांच्याकडे पाहिलं, आणि आत जायला हात केला. मी बाकावर बसले. जाताना हे मागे वळून माझ्याकडे बघतील असं वाटलं होतं, पण पोरगा काहीतरी सांगायला लागला होता, म्हणून यांनी मान वळवली नाही.